कोंबडीखालची बदकाची अंडी

भंडारा जिल्ह्यात मामा तलावाच्या काठी आमचं गाव. आजी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवायची. टोपलीत तणस, त्यावर अंडी. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री अंडं बॅटरीच्या उजेडात धरलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसत. कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत निघतात, बदकाला 28 लागतात. तरी ती कोंबडी आठवडाभर जास्त बसे. पिल्लू तळहातावर घेतलं की नजर पायांवर जायची. बदकाच्या बोटांमध्ये पडदा, कोंबडीची बोटं सुटी. ऊब तीच, टोपली तीच. मग फरक पडतो तो अंड्यात नेमका कुठे?

या प्रश्नाचा माग जुना आहे. ॲरिस्टॉटलने उबवणीतली अंडी दिवसागणिक फोडून पाहिली होती. 1817 मध्ये गर्भाचे अभ्यासक पँडर यांना कोंबडीच्या गर्भात पेशींचे तीन थर ओळखू आले. पण खरी मेख सापडली ती त्याच विषयाचे अभ्यासक फॉन बेअर यांना, 1828 मध्ये. त्यांच्याकडे स्पिरिटमध्ये ठेवलेले दोन गर्भ होते, नावाची चिठ्ठी लावायची राहून गेलेली. सरडा, पक्षी की सस्तन प्राणी, हे त्यांनाच ओळखता येईना. सुरुवात सारखी असते, वेगळेपण मागाहून येतं, असं त्यांनी मांडलं.

पुढे 1866 मध्ये जीवशास्त्रज्ञ हेकेल म्हणाले की गर्भ आपल्या पूर्वजांची रूपं एकामागून एक घेत वाढतो. हे चूक ठरलं. त्यांची सोयीने काढलेली चित्रं मात्र पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं छापली गेली, आणि फॉन बेअर यांचं चोख निरीक्षण त्याखाली झाकलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग जनुकांचा काळ आला. जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांच्याकडच्या, जनुकांत बिघाड झालेल्या फळमाश्यांना दोनाऐवजी चार पंख फुटले. शरीराचा कोणता भाग कुठे घडवायचा हे ठरवणारी जनुकं माशीत आणि माणसात एकाच कुळीची असल्याचं 1984 च्या सुमारास कळलं. 1995 च्या नोबेल मानकऱ्यांत लुईस होते.

आता आजीच्या टोपलीकडे. पडदा खरं तर दोघांनाही येतो! कोंबडीच्या गर्भात सातव्या-आठव्या दिवशी बोटांमधल्या पेशी मरू लागतात. त्यांना मरणाचा सांगावा देणारी बीएमपी ही प्रथिनं बदकातही असतात, पण तिथे ग्रेम्लिन नावाचं प्रथिन त्यांना अडवतं. 1996 मध्ये कोंबडीच्या गर्भात हा सांगावा मुद्दाम दाबला, तर तिच्याही बोटांमध्ये पडदा राहिला. म्हणजे बदकाने पडदा नव्याने कमावला नाही, असलेला जाऊ दिला नाही. प्राण्यांची रूपं बदलतात ती बरीचशी अशी: जुनीच कामं, कुठे थांबवलेली, कुठे लांबवलेली.

आमच्याकडे धुऱ्यावर अजगर निघतो. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात. त्या मागच्या पायांच्या खुणा. अंड्यात त्यालाही पायाची कळी फुटते. पण पाय वाढवणारं सॉनिक हेजहॉग हे जनुक तिथे थोडाच वेळ जागं राहतं, आणि कळी तेवढ्यावरच थांबते.