तंबू गळला नाही, मग पाणी आलं कुठून?

डिसेंबरात भाचा बामणोलीजवळ शिवसागर जलाशयाच्या काठावर एकटाच मुक्कामाला जाऊन आला. नवाकोरा एका माणसाचा तंबू, एकाच कापडाचा, वजन ७०० ग्रॅम. पावसाचा टिपूस नव्हता, आकाश चांदण्यांनी भरलेलं. पहाटे तोंडावर थेंब पडला तशी त्याला जाग आली. बघतो तर स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलंचिंब. साताऱ्यात परतल्यावर तंबू बदलून घ्यायला निघाला होता. "मामा, ३००० मिलिमीटर वॉटरप्रूफ लिहिलंय आणि गळतोय!"

मी त्याला बसवून घेतलं. ३००० मिलिमीटरचा अर्थ एवढाच, की त्या कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे झिरपत नाही. त्याच्या कापडाने ते काम चोख केलं होतं. पण बाहेरचं पाणी आत येऊ न देणारं कापड आतलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही, आणि आत पाणी सोडणारा होता तो स्वतः.

आपल्या श्वासातून दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात जातं. झोपेत तासाला १२ ग्रॅम धरू. एका माणसाच्या तंबूत जेमतेम घनमीटरभर हवा असते. १० अंश सेल्सिअसला तेवढ्या हवेत फार तर साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं. बाहेरची आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्यातले साडेसात ग्रॅम आधीच भरलेले. उरली दोन ग्रॅमची जागा. ती दहा मिनिटांत संपते! म्हणजे तंबूतली हवा तासाला निदान सहा वेळा बदलायला हवी. त्याने तर थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन लावून घेतल्या होत्या.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. माझ्या आवडीचा भाग पुढे आहे, आणि तो तंबूच्या आत नाही, वर आकाशात आहे.

थंडीच्या दिवसांत रात्री अंगणात लावलेल्या मोटारसायकलची सीट सकाळी ओली असते, पोर्चमधली कोरडी. दोन्ही गाड्यांभोवती हवा तीच. आपण म्हणतो दहिवर पडलं. पडलं असतं तर पोर्चच्या छताने ते अडवलं, असं म्हणता आलं असतं. पण दहिवर वरून पडत नाही, जागच्या जागी तयार होतं. लंडनचा डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स याने लोकरीचे पुंजके वजन करून रात्री बागेत ठेवले, काही उघड्यावर, काही फळीच्या आडोशाला, आणि सकाळी पुन्हा वजन केलं. १८१४ साली त्याने हे सगळं मांडलं. ज्या वस्तूला आकाश दिसतं ती हवेपेक्षा जास्त गार होते, आणि गार झालेल्या वस्तूवर हवेतलं बाष्प बसतं.

आकाश 'दिसणं' म्हणजे काय? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर टाकत असते. १० ते १५ अंशांना असलेलं कापड दर चौरस मीटरला सुमारे ३६५ ते ३९० वॉट, म्हणजे सेकंदाला तेवढे ज्यूल, उष्णता फेकतं. वातावरणातलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड त्यातला मोठा हिस्सा परत पाठवतात. पण ८ ते १३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या पट्ट्यात हवा बरीचशी पारदर्शक असते, आणि नेमके याच पट्ट्यात आपल्या कापडाचे किरण सर्वांत जोरकस. त्या खिडकीतून उष्णता अवकाशात निघून जाते. ढग आले की खिडकी बंद. निरभ्र रात्री मात्र चौरस मीटरमागे सेकंदाला ६०-७० ज्यूलची निव्वळ तूट सहज पडते.

आता हलक्या तंबूचं कापड घ्या. चौरस मीटरला सुमारे ४० ग्रॅम. एवढं कापड एक अंशाने गार व्हायला साधारण ६० ज्यूल गेले की पुरे. म्हणजे सुरुवातीला सेकंदाला एक अंश! अर्थात कापड गार होताच आजूबाजूची हवा त्याला उष्णता द्यायला लागते, आणि हवेपेक्षा तीन-पाच अंश खाली जाऊन ते थांबतं. पण १० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो, पावणेसात अंशांच्या आसपास असतो. कापड सहावर उतरलं की आत माणूस नसला तरी ते ओलं होणार.

तंबू निवडताना म्हणूनच मी ग्रॅम आणि मिलिमीटर नंतर बघतो. बाहेरचं कापड ओलं होणार हे धरून चालायचं. आपण त्याला टेकतो का, एवढाच प्रश्न. दुहेरी तंबूत आत जाळीचा कप्पा असतो, त्यावर थोडं अंतर सोडून बाहेरचं कापड. थेंब त्या कापडावर जमतात आणि उतारावरून खाली सरकतात. वजन तीन-चारशे ग्रॅमने वाढतं, आणि ते मी आनंदाने उचलीन. कापडावर दशांश मिलिमीटर दंव बसलं तरी चौरस मीटरला १०० ग्रॅम पाणी होतं. पाच चौरस मीटरचं ओलं कापड गुंडाळून पाठीवर घेतलं, की वाचवलेले ग्रॅम परत आलेच. सोबत एक पंचा ठेवावा, पुसून मग घडी घालावी.

माथ्याजवळ झरोका आणि खालची कड जमिनीपासून उचललेली, हे दोन्ही हवं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याचा रेणू १८ वजनाचा, हवेचा सरासरी २९. श्वासाची उबदार, दमट हवा वर चढते, झरोक्यातून निघते, खालून नवी येते. 'श्वास घेणारं कापड' या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. आत-बाहेर बाष्पदाबाचा फरक थोडाच असतो, आणि आतून पाण्याचा थर बसला की वाफेची वाट आणखी अडते. पावसाळ्यासाठी घेत असाल तर पॉलिएस्टर बरं, कारण नायलॉन पाणी शोषून सैल पडतं.

जागा निवडणं तंबू निवडण्याइतकंच महत्त्वाचं. वासोटा किल्ल्यावर रात्रीचा मुक्काम चालत नाही आणि कास पठारावरच्या फुलांवर तंबू ठोकायचा विचारही नको. तलावाकाठी हवा दमट, शिवाय डोंगरावरची गार हवा रात्री उतरून तिथेच साचते. त्यापेक्षा परवानगी घेऊन थोडं वरच्या बांधावर, झाडाखाली राहावं. पानं जवळपास हवेच्याच तापमानाची असतात, ती आकाश झाकतात. झाडावर मुंजा असतो किंवा रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडून माणसाला गुदमरवतं, ही भीती टाकून द्यावी. पानं सोडतात तो वायू अगदी थोडा, उघड्या हवेत लगेच विरून जाणारा. खरी भीती वाळलेल्या फांदीची आणि आग्या मोहोळाची. ती उजेड असताना मान वर करून नीट बघून घ्यावी.

पुढच्या शनिवारी भाचा तोच तंबू घेऊन पुन्हा गेला. या खेपेला वरच्या बांधावर जांभळाखाली राहिला, दोन्हीकडच्या चेन उघड्या ठेवल्या. रविवारी दुपारी फोन आला. छत कोरडं होतं. पायाकडचं टोक मात्र किंचित ओलसर. त्याची उंची पावणेसहा फूट, म्हणजे १७५ सेंटिमीटर, आणि तंबूची आतली लांबी २०० सेंटिमीटर. त्यात स्लीपिंग बॅग आणि उतरतं छत धरलं, की टोक कापडाला टेकणारच.