जनरल तोमा-अलेक्झांडर ड्यूमा

तोमा-अलेक्झांडर ड्यूमा (१७६२–१८०६) हा फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनच्या काळातला जनरल. आपल्याला नाव माहीत असतं ते अलेक्झांडर ड्यूमा या कादंबरीकाराचं, हा त्याचा बाप.

जन्म २५ मार्च १७६२ चा, सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत म्हणजे आजच्या हैतीमध्ये. वडील फ्रेंच उमराव, आई मारी-सेसेत गुलाम. वडिलांना फ्रान्सला परतायचं होतं आणि जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते, तर त्यांनी पोटच्या पोरालाच गहाण टाकलं! नंतर १७७६ मध्ये सोडवून फ्रान्सला आणलं. पुढे १७८६ मध्ये पोरगा साधा शिपाई म्हणून घोडदळात भरती झाला, वडिलांच्या खानदानी नावाने नाही तर आईच्या ड्यूमा या नावाने.

क्रांती झाली आणि प्रमोशन भराभर मिळत गेलं, सातच वर्षांत, १७९३ मध्ये, तो जनरल होता. १७९४ मध्ये आल्प्समधली माँ सनी ही खिंड त्याच्या सैन्याने बर्फातून चढून घेतली. १७९७ मध्ये टायरोलमधल्या क्लाउझेनच्या पुलावर तो ऑस्ट्रियन घोडेस्वारांना एकटा भिडला, मागची कुमक येईपर्यंत पूल सोडला नाही. आपल्याला बाजीप्रभू आठवतात तसा फ्रेंचांना एकट्याने पूल अडवून धरणारा प्राचीन रोमचा वीर होरेशस आठवला, तेच नाव त्याला पडलं.

इजिप्तच्या मोहिमेत (१७९८) घोडदळ त्याच्याकडे होतं, पण ही मोहीम कशासाठी हे तो उघड विचारायला लागला आणि नेपोलियनशी बिनसलं ते कायमचंच. १७९९ मध्ये परत निघाला तर जहाजात पाणी शिरलं, इटलीत तारांतोला उतरावं लागलं, आणि तिथे नेपल्सच्या राज्याने त्याला धरून दोन वर्षं कैदेत टाकलं. १८०१ ला सुटला तेव्हा तो धिप्पाड गडी पार खचला होता, एका कानाने ऐकू येईना. आपल्यावर विषप्रयोग झाला असं तो सांगायचा.

घरी आला तर थकलेला पगारही मिळेना. त्यात १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींतली गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली, म्हणजे ज्या देशासाठी हा लढला त्यानेच याच्या आईसारख्यांना परत साखळीत टाकलं, हे वाचताना खरंच पोटात तुटतं.

२६ फेब्रुवारी १८०६ ला व्हिलेर-कोत्रे इथे पोटाच्या कॅन्सरने तो गेला. मुलगा चार वर्षांचाही नव्हता, बायकोला पेन्शन नाकारली. पॅरिसमधला त्याचा पुतळा दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात पाडला गेला, २००९ मध्ये त्याच चौकात त्याच्या आठवणीसाठी गुलामांच्या तुटलेल्या बेड्यांचं मोठं शिल्प उभारलंय.