लमेटा शैलसमूह

मध्य व पश्चिम भारतातला उत्तर क्रिटेशियस काळातला (म्हणजे डायनोसॉरांच्या युगाच्या अखेरच्या टप्प्यातला), डायनोसॉरांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेला खडकांचा संच. त्याचे नाव जबलपूरजवळ नर्मदेवर असलेल्या लमेटाघाटावरून पडले. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला जाणारे बहुतेक लोक या खडकांच्या जवळून जातात आणि त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांचा दोष नाही. हिरवट वालुकाश्म, मळकट चुनखडक, गाठाळ तांबूस माती आणि वर काळा बेसाल्ट, एवढेच तिथे दिसते.

हा वरचा बेसाल्ट म्हणजे दख्खनचा लाव्हा, सह्याद्री ज्याचा बनला आहे तोच. लमेटाचे थर त्याच्या तळाशी दबलेले असल्यामुळे लाव्हाची चादर जिथे संपते किंवा झिजून फाटते तिथेच ते उघडे पडतात: जबलपूर, मध्य प्रदेशातला धार-बाग परिसर, गुजरातेत बालासिनोर आणि महाराष्ट्रात नागपूर-चंद्रपूर पट्टा. थरांचे वय साधारण ७ ते ६.६ कोटी वर्षे. तेव्हा भारत हे विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेले, उत्तरेकडे सरकणारे वेगळे भूखंड होते. नद्या, उथळ तळी आणि अधूनमधून कोरडी पडणारी मैदाने असा तो मुलूख. ओल्या जमिनीतला चुना सुकताना गोठून जे खडे होतात, त्यांचेच दगड बनलेले रूप या थरांत जागोजाग आढळते. विदर्भातल्या शेतकऱ्याला असे चुनखडीचे खडे नव्याने ओळखून द्यावे लागत नाहीत.

हाडे. १८२८ मध्ये जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासात गाजलेला स्लीमन तो हाच. आशियातल्या डायनोसॉर-जीवाश्मांचा हा पहिला शोध. डायनोसॉर हा शब्द मात्र १८४२ चा, त्यामुळे आपण काय उचलले हे त्याला कळणे शक्यच नव्हते. त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर याने १८७७ मध्ये टायटनोसॉरस इंडिकस ही जात नोंदवली. मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोल आणि मागची गोळ्यासारखी फुगीर, म्हणजे एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत बसणार. तेव्हा ही खूण आगळी वाटली. पुढे अशा शेपट्या जगभर सापडत गेल्या आणि २००३ मध्ये तज्ज्ञांनी ही जात संशयास्पद ठरवली. गंमत अशी की टायटनोसॉर हे त्या अवाढव्य शाकाहारी गटाचे नाव टिकले आणि ज्याच्यावरून ते पडले तोच बाद झाला. मूळ मणके हरवले असे मानले जात होते. त्यांतला एक २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला.

लमेटाच्या हाडांचे हे जुनेच दुखणे आहे. ती सुटी, विखुरलेली आणि एकमेकांत मिसळलेली मिळतात. चार्ल्स मॅटली याने वर्णिलेल्या लमेटासॉरसमध्ये तर मांसभक्षक प्राण्याची हाडे आणि बहुधा टायटनोसॉरच्या कातडीवरची चिलखती हाडे एकत्र आली होती. त्यामानाने दोन नावे भक्कम आहेत. एक राजासॉरस नर्मदेन्सिस, गुजरातेत बालासिनोरजवळच्या रायोलीचा शिकारी, कपाळावर बुटके शिंग असलेला (नाव २००३ चे). त्याच्या जवळच्या नातलगाचे जीवाश्म मादागास्करात मिळतात. दुसरा इसिसॉरस, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. १९९७ मध्ये त्याचे वर्णन झाले ते टायटनोसॉरसच्याच नावाखाली. आजचे नाव इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे.

अंडी. हाडांत कंजूष असलेले हे खडक अंड्यांच्या बाबतीत उदार आहेत. धार जिल्ह्यातल्या एका पाहणीत ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजली गेली. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरटी इतकी दाटीने आहेत की मोठ्या मादीला त्यांच्यामध्ये वावरायलाही जागा उरली नसती. तेव्हा अंडी उथळ खड्ड्यात पुरून ती निघून जात असावी. गुजरातेत ढोली डुंगरी येथे १९८०च्या दशकात मिळालेल्या एका दगडात दोन शाबूत अंडी, एक फुटलेले अंडे आणि जेमतेम अर्धा मीटर लांबीचे पिल्लू होते. बरीच वर्षे सगळी हाडे पिल्लाचीच समजली गेली. २००१ मध्ये त्यांतले काही मणके सापाचे आहेत हे लक्षात आले. फुटक्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला तो सुमारे साडेतीन मीटरचा साप, सनाजेह इंडिकस. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा वासत नव्हता, म्हणून तो बहुधा अख्खे अंडे गिळण्याऐवजी पिल्लू बाहेर येण्याची वाट पाहत असावा. तेवढ्यात चिखलाचा लोंढा आला आणि सगळे जागच्या जागी गाडले गेले.

विष्ठाश्म. प्रस्तुत लेखकाच्या मते लमेटाची खरी दौलत हाडांत नाही, शेणात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला तांबड्या मातीत दगड झालेली विष्ठा विपुल मिळते. या गावचे जीवाश्म अभ्यासकांपुढे आणले ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी, १८६०च्या आसपास. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला.

गवत, ऊस, भात या वनस्पती आपल्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठवतात. उसाच्या पाल्याने हात कापतो तो त्यामुळेच. पाला कुजला, पचला, तरी हे कण राहतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या, बहुधा टायटनोसॉरांच्या, विष्ठेत असे गवताचे कण दाखवले. डायनोसॉर संपल्यावर गवते पसरली, ही तोवरची समजूत त्यामुळे मोडली. अर्थात गवत हेच त्यांचे मुख्य अन्न नव्हते. त्याच विष्ठेत ताड-माड कुळाचे आणि सूचिपर्णी वृक्षांचेही अवशेष आहेत. २०११ मध्ये याच विष्ठाश्मांतले काही कण आणि पानांच्या सालीचे तुकडे भात आणि त्याच्या जवळच्या गवतांच्या गटाशी जुळतात असे निदर्शनास आले. म्हणजे भाताचे हे नातलग दख्खनचा लाव्हा थंड होण्याआधीच इथे उगवत होते.