तीन-कुशनी बिलियर्ड्स : फटक्याची निवड आणि पोझिशन

तीन-कुशनी बिलियर्ड्स हा बिनखिशांच्या टेबलावर पांढरा, पिवळा आणि लाल अशा तीन चेंडूंनी खेळायचा खेळ. पांढरा एका खेळाडूचा, पिवळा दुसऱ्याचा आणि लाल कोणाचाच नाही. आपला चेंडू उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागावा लागतो, आणि दुसऱ्याला लागण्याआधी त्याने टेबलाच्या कडांना, म्हणजे कुशनना, निदान तीनदा आपटलेले असावे लागते. जमले तर एक गुण आणि पुढचा फटकाही आपलाच. चुकले तर पाळी समोरच्याची. एकाच मांडणीतून गुणाच्या तीन-चार वाटा बहुधा निघतात. त्यांतली कोणती धरायची आणि गुण झाल्यावर चेंडू कुठे येऊन थांबावेत, हा या नोंदीचा विषय.

हा खेळ अमेरिकेत वाढला. त्याची पहिली स्पर्धा 1878 मध्ये सेंट लुईस येथे झाली. आपल्याकडे मात्र खिशांचे टेबल रुजले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये जागतिक हौशी विजेतेपद मिळवले ते इंग्लिश बिलियर्ड्सचे. तरीही कोल्हापूरच्या माणसाला तीन-कुशनीचा विचार परका वाटू नये, कारण इथे पेठापेठांत, तालमींच्या कट्ट्यांवर कॅरम खेळला जातो. समोरच्या कडेवर स्ट्रायकर आपटून मागची सोंगटी काढणारा, राणी घेण्याआधी कव्हरची सोंगटी हेरून ठेवणारा पोरगा हेच दोन प्रश्न सोडवत असतो. नाते शब्दातही आहे. कॅरम हा शब्द ‘काराम्बोल’वरून आला, त्यामागे ‘काराम्बोला’ हे फळाचे पोर्तुगीज नाव आणि त्याच्या मुळाशी आपले करंबळ, असे अनेक कोशकार मानतात.

टेबलाचा खेळायचा भाग 2.84 मीटर लांब आणि 1.42 मीटर रुंद असतो. चेंडूचा व्यास 61.5 मिलिमीटर, म्हणजे स्नूकरच्या 52.5 मिलिमीटर चेंडूपेक्षा बराच मोठा.

निवडीची पहिली कसोटी म्हणजे दुसरा चेंडू ‘मोठा’ आहे का. टेबलाच्या मध्यावर उभा चेंडू आपल्या चेंडूच्या मध्यबिंदूला साधारण 123 मिलिमीटर रुंदीचे निशाण देतो. तोच चेंडू कुशनजवळ असेल, आणि मधली फट आपला चेंडू पार जाणार नाही इतकी लहान असेल, तर तो थेटही लागतो आणि कुशनवरून परतूनही लागतो. निशाण जवळजवळ दुप्पट होते. कोपऱ्यापाशी दोन कुशन मदतीला येतात, म्हणून तिथला चेंडू सर्वांत मोठा. इथे कॅरम किंवा स्नूकर खेळून आलेल्याला डोळ्यांची सवय उलटी करावी लागते : त्याच्या लेखी कोपरा म्हणजे सोंगटी नाहीशी होण्याची जागा, तर तीन-कुशनीत ती चेंडू जपून ठेवण्याची जागा. मात्र हे मोठेपण वाटेवर ठरते. एका बाजूने येताना मोठा असलेला चेंडू दुसऱ्या बाजूने येताना अगदी लहान असू शकतो.

दुसरी कसोटी ‘किस’ची, म्हणजे पहिला चेंडू फिरून आपल्याच वाटेत आडवा येण्याची. नवख्यांचे कितीतरी गुण यात जातात, कारण त्यांचे लक्ष स्वतःच्या चेंडूवरच खिळलेले असते. पहिला चेंडू कुठे, कधी पोहोचतो हे फटक्याआधी मनात चालवून पाहावे लागते. ही सवय लागली की पोझिशनचे अर्धे काम झालेच, कारण पोझिशन म्हणजे मुख्यतः पहिल्या चेंडूचाच प्रवास.

ते असे. दुसऱ्या चेंडूला आपला चेंडू हलकेच लागला तर दोघेही फार लांब जात नाहीत. तिघांपैकी दोघांचा ठिकाणा ठरला, उरला पहिला. त्याला जाड घेतले, म्हणजे समोरून भरीव मारले, तर तो जास्त वेग घेऊन दूर जातो; पातळ, म्हणजे कडेला निसटते, घेतले तर थोडासाच सरकतो. आपल्या चेंडूचा मार्ग मात्र जाडी, साइड (चेंडूला बाजूला मारून दिलेली फिरकी) आणि वेग या तिन्हींवर ठरतो. त्यामुळे पुष्कळदा एकच मार्ग वेगवेगळ्या मेळांतून काढता येतो, आणि त्यांतला पहिल्या चेंडूला कोपऱ्याकडे नेणारा मेळ निवडायचा असतो. या खेळातले खरे सौंदर्य मला इथेच दिसते. बेल्जियमचे रेमों क्योलमान्स यांनी 1963 पासून वीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवली. आजच्या पिढीत नेदरलँड्सचे डिक यास्पर्स पुढची मांडणी घडवण्यासाठी ओळखले जातात.

पण पोझिशनची किंमत किती मोजावी? दर फटका यशस्वी होण्याची शक्यता निम्मी असेल तर पाळीमागे सरासरी 1 गुण पडतो. ती 60 टक्के झाली की सरासरी 1.5, आणि तीनपैकी दोन फटके जमले की 2. शक्यता थोडी वाढली तरी सरासरी झपाट्याने चढते, म्हणून पुढचा फटका सोपा करून ठेवण्याला मोल आहे. समजा, एक वाट 60 टक्के खात्रीची आहे पण पुढे 40 टक्क्यांची मांडणी उरते. दुसरी 55 टक्क्यांची, पुढे 60 टक्क्यांची. दोन फटक्यांचा हिशेब पहिलीत 0.84 गुण आणि दुसरीत 0.88. दुसरी बरी. पण तिची खात्री 45 टक्क्यांवर घसरली तर हिशेब 0.72 वर येतो. सारांश, पोझिशनसाठी चार-पाच टक्के सोडावेत, पंधरा नव्हे.

टाळायच्या मांडण्या थोड्या आहेत : आपला चेंडू कुशनला चिकटलेला, तिन्ही चेंडू एका रेषेत, किंवा दोन्ही लक्ष्य-चेंडू टेबलाच्या मध्यावर.

बचावाचा विचार निवडीतच मिसळलेला असतो. खासबागेतला पैलवान डाव टाकताना तो फसला तर आपण कुठे सापडू हे जाणून असतो, तसेच इथे. प्रतिस्पर्धी स्वतःच्या चेंडूने खेळणार, म्हणून पहिला चेंडू त्याचाच घेतला तर तो कुठे थांबेल हे आपल्या हाती राहते. गुण हुकला तरी लाल जागच्या जागी असतो आणि त्याचा चेंडू लालपासून दूर ठेवता येतो. लाल आधी घेतला तर ही सोय नाही. दोन वाटा सारख्याच सोप्या असतील तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

मार्ग मोजायला कडांवरच्या खुणा, म्हणजे डायमंड, असतात. प्रचलित पद्धतीत आपल्या चेंडूच्या जागेच्या आकड्यातून तिसऱ्या कुशनचा आकडा वजा केला की पहिल्या कुशनवरचे निशाण मिळते : 50 वजा 20, म्हणजे 30. पण हा आकडा टेबलाच्या हवेवर हलतो. पावसाळ्यात कोल्हापुरात कॅरमचा बोर्ड जड होतो आणि पावडर वाढवावी लागते. तीन-कुशनीत त्यासाठी कापडाखालच्या दगडी पाटाखालून टेबल तापवून कापड कोरडे ठेवतात. नव्या, गुळगुळीत कापडावर चेंडू कुशनवरून घसरतो आणि टेबल ‘लांब’ चालते, म्हणजे चेंडू हिशेबाच्या पुढे उतरतो. जुन्या किंवा दमट कापडावर ते ‘आखूड’ चालते, म्हणजे चेंडू हिशेबाच्या अलीकडे उतरतो. म्हणून सरावाच्या पहिल्या फटक्यांतच जाणता खेळाडू एक साधा तीन-कुशनी मार्ग मारून तो हिशेबापेक्षा किती सरकतो ते पाहतो. टेबल आखूड असेल तर पाच कुशनींचे लांब फटके मागे ठेवून जवळच्या कोपऱ्यातल्या चेंडूचे फटके आधी धरतो.