पट वीसच्या खाली गेला, म्हणजे नेमकं काय झालं?

२०२३ मध्ये महाराष्ट्रात एक आकडा फार फिरला. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांत शिकणारी मुलं १,८५,४६७ आणि शिकवणारे शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुलं. शहरातल्या पन्नास-साठ मुलांच्या वर्गाशी तुलना करणाऱ्याला ही चैनच वाटली. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढाव्यात, हा प्रस्तावही त्याच सुमारास पुढे आला.

आता तेच आकडे घेऊन दुसरा भागाकार करू. शिक्षकांना शाळांच्या संख्येनं भागलं तर उत्तर येतं २.०१. म्हणजे शाळेमागे दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायदा, २००९ हेच सांगतो: प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, १२० पर्यंत चार. पट आठ असो की अठ्ठावन्न, शिक्षक दोनच. एसटीत चार प्रवासी असले म्हणून अर्धा चालक ठेवता येत नाही, तसंच हे. एका शिक्षकामागे सहा मुलं पडतात ती कुणाच्या उधळपट्टीमुळे नाही, किमान दोन शिक्षकांच्या नियमामुळे.

शिवाय या दोघांच्या वाट्याला चार किंवा पाच इयत्ता येतात. पहिलीतलं मूल अक्षर गिरवत असतं तेव्हा बाजूच्याच ओळीत तिसरीची हातच्याची वजाबाकी चाललेली असते. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता म्हटल्या तर प्रत्येक मुलाला थेट शिकवण्याचा वेळ सरळ निम्मा. दीडशेपेक्षा कमी पटाला कायद्यानं स्वतंत्र मुख्याध्यापक नाही, त्यामुळे शाळेचा कार्यभार, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं याच दोघांपैकी एकाच्या गळ्यात.

पट मुळात घटतो कशामुळे? इंग्रजी शाळांची ओढ आहेच, पण तिच्या आधी लोकसंख्येचा हिशेब येतो. महाराष्ट्रातला एकूण जननदर १९९२-९३ च्या पाहणीत एका स्त्रीमागे २.९ च्या आसपास होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ झाला. त्यात स्थलांतराची भर. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी ४.८ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी. आणि कोकणातलं गाव म्हणजे एका जागी दाटलेली वस्ती नव्हे. दोन-तीन डोंगरांवर विखुरलेल्या वाड्या, मध्ये वहाळ, आणि मोठ्या गावात वाडीगणिक शाळा. गावाची मुलं कमी झाली की ती घट या सगळ्या छोट्या शाळांत वाटली जाते.

छोट्या आकड्यांची एक खोड असते, आणि धोरण आखणारे नेमके तिथेच फसतात. समजा एका वाडीत वर्षाला सरासरी पाच मुलं पहिलीच्या वयाची होतात. पहिली ते चौथी मिळून सरासरी पट वीस. पण मुलं काही वेळापत्रक बघून जन्माला येत नाहीत. एखाद्या वर्षी आठ, एखाद्या वर्षी दोन. अशा तुरळक आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांसाठी संख्याशास्त्रात प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचं वितरण वापरतात. त्याचा नियम सोपा आहे: सरासरीचं जे वर्गमूळ, साधारण तेवढा चढउतार निव्वळ योगायोगानं होतो. वीसचं वर्गमूळ जवळजवळ साडेचार. म्हणजे वाडीत काहीच बदललेलं नसताना, शिक्षकही तेच असताना, तीनपैकी दोन वेळा पट १६ ते २४ च्या मध्ये कुठेतरी असेल आणि एकदा त्याच्याही बाहेर. तो वीस किंवा कमी भरण्याची शक्यता ५६ टक्के. प्रत्यक्षातला चढउतार याहून मोठाच, कारण एक कुटुंब मुंबईला गेलं की तीन भावंडांचे दाखले एकदम निघतात.

चारशे मुलांच्या शाळेत हाच चढउतार वीस मुलांचा, म्हणजे पाच टक्क्यांचा. वीसच्या शाळेत तो बावीस टक्क्यांचा. आणखी छोटी वाडी घ्या, जिथे वर्षाला सरासरी दोनच मुलं दाखल होतात. तिथे पहिलीत एकही मूल न येण्याची शक्यता साडेतेरा टक्के, म्हणजे सात-आठ वर्षांतून एकदा पहिलीचा वर्ग रिकामा राहणारच. त्या वर्षी गावात आलेला अधिकारी 'शाळा मोडकळीला आली' असा शेरा मारून गेला, तर चूक त्याच्या नजरेची नाही. त्याच्यासमोर एकाच वर्षाचा आकडा होता.

निकालांचंही असंच होतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शाळांचे गुण तपासताना संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांना दिसलं की यादीच्या अगदी वरच्या टोकाला छोट्या शाळा प्रमाणाबाहेर जास्त आहेत. तळाशी पाहिलं तर तिथेही त्याच जास्त. आठ मुलांच्या वर्गात दोन हुशार मुलं आली की शाळा आदर्श, दोन आजारी पडली की नापास!

आता या डळमळत्या आकड्यावर आपण नियम कसा बसवला आहे ते बघा. शिक्षकांची पदं ठरवणारी संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. आणि नियमाला उतार नाही, पायऱ्या आहेत. कायद्यातल्या तक्त्यानुसार साठचे एकसष्ट झाले की एक पूर्ण शिक्षक वाढतो, एकसष्टचे साठ झाले की एक 'अतिरिक्त' ठरून समायोजनाच्या यादीत जातो. २०२४ मध्ये राज्य सरकारनं वीसपर्यंतच्या पटासाठी एक नियमित शिक्षक आणि दुसरा मानधनावर, शक्यतो निवृत्तांमधला, असा मार्ग काढला. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या आणि पुढे ती मर्यादा दहावर आणली गेली. वीस बरोबर की दहा, यावर खूप वाद झाला. पण पायरी कुठेही ठेवली तरी तिच्या काठावर उभ्या असलेल्या शाळेचं भवितव्य एका मुलावर लटकणार. मग 'जरा नाव राहू द्या पटावर' हा मोह होतोच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणीची, म्हणजे पटावरची मुलं खरोखर आहेत का ते तपासायची, मोहीम काढावी लागली होती, ती याच मोहामुळे.

पैशांतही पायऱ्या आहेत. पगार राज्याच्या तिजोरीतून होतो, तो मोठा भाग. रोजच्या खर्चासाठी समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान येतं: तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. आठ मुलांच्या शाळेत माणशी १,२५० रुपये पडतात, दोनशेच्या शाळेत २५०. कागदावर छोटी शाळा श्रीमंत. पण छपराची कौलं मुलांच्या संख्येवर फुटत नाहीत. पोषण आहाराचं उलट आहे, तिथे सगळा हिशेब डोक्यामागे. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि मे २०२५ पासूनच्या दरानं डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन मिळून ६ रुपये ७८ पैसे. आठ मुलांचे झाले ५४ रुपये २४ पैसे. एवढ्यात आमटी-भात करून दाखवणाऱ्या मावशींचं मला कायम कौतुक वाटतं.

दोन शिक्षकांच्या शाळेचं खरं दुखणं मात्र गैरहजेरीचं आहे. रजा, प्रशिक्षण, बैठक, मतदार यादीचं काम असं सगळं धरून प्रत्येक शिक्षक दहापैकी एक दिवस बाहेर असतो असं समजू. तर शाळेचे १८ टक्के दिवस एकशिक्षकी जातात आणि एक टक्का दिवस दोघंही नसतात. दहा शिक्षकांच्या शाळेतही रोज सरासरी एक जण बाहेर असतो, पण तिथे उरलेले नऊ वर्ग सांभाळून घेतात. म्हणून दुसऱ्या शिक्षकाकडे 'जादाचा' म्हणून बघणं मला पटत नाही.

मग शाळा एकत्र करायला हरकत काय? काही ठिकाणी काहीच नाही. एकाच रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरच्या आत दोन शाळा असतील तर एक करावी. तीन मुलांच्या शाळेत कबड्डीचा डाव मांडता येत नाही, भांडायलाही पुरेसे सवंगडी मिळत नाहीत, आणि हेही नुकसानच. पण अंतराचं गणित कडक आहे. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे सारख्या विखुरलेल्या चार शाळांची एक केली तर सरासरी अंतर दुप्पट होतं, नवाची एक केली तर तिप्पट. अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात डाना बर्ड आणि ली लिंडन या संशोधकांनी काही गावांत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीनं शाळा दिल्या, काहींना तूर्त दिल्या नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दर मैलामागे पटनोंदणी १६ टक्के-बिंदूंनी, म्हणजे शंभर मुलांमागे १६ नं, घसरलेली दिसली, आणि गावात शाळा आल्यावर मुलींची नोंदणी ५२ टक्के-बिंदूंनी वाढली. कोकण म्हणजे घोर नव्हे, मान्य. पण पावसाळ्यात साकवावरून पाणी गेलं की नकाशावरचं एक किलोमीटर कुणाच्या कामाचं राहत नाही. मोजायचंच असेल तर जुलै महिन्यात सहा वर्षांचं मूल किती मिनिटांत पोहोचतं ते मोजावं.

एका वर्षाच्या पटाऐवजी तीन-चार वर्षांची सरासरी धरणं, तिच्यासोबत अंगणवाडीतली पुढची मुलं मोजणं, ही दुरुस्ती बिनखर्चाची आहे. अंगणवाडीची नोंदवही तर बहुधा त्याच वाडीत असते. वर्गातही वाट आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्रानं अनेक इयत्ता एकत्र बसतील हे गृहीत धरूनच कार्डांची शिडी तयार केली. प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर शिकतं आणि शिक्षक गटागटात फिरतो. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचं मुलांचे स्तरानुसार गट करण्याचं काम याच जातीचं, आणि त्याचे परिणाम प्रयोगांनी तपासलेले आहेत. आपल्याकडे मात्र शिक्षक घडतो एका इयत्तेच्या पाठ्यपुस्तकावर आणि रुजू होतो चार इयत्तांच्या खोलीत.

वाडीवाडीतली मुलं नेमकी किती, याचा नवा आकडा २०२७ च्या जनगणनेतून मिळेल. २०११ नंतरचा तो पहिलाच. घरोघर जाऊन तो गोळा करणाऱ्यांत याच दोन शिक्षकी शाळांतले शिक्षक असणार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणनेच्या कामाला मुभा आहे. त्या दिवसांत या शाळांत कोण शिकवणार, हे तालुक्याला आत्ताच ठरवता येईल.