ऑस्टिओपाँटिन : एका प्रथिनाची चार नावं

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था कुठे आहे, हे गणेशखिंडीतला कोणीही सांगेल. त्याच आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र विचारलं, तर रिक्षावालाही दोनदा विचारतो. देशभरच्या प्रयोगशाळांना जिवंत पेशी जोपासून पुरवणारं भांडार म्हणून ही संस्था १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, आणि पुढे तिथेच कर्करोगावर मूलभूत काम होऊ लागलं. त्या कामातलं एक ठळक पात्र म्हणजे ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन.

नाव ऐकून हे हाडांचं काहीतरी असावं असं वाटतं. नाव हाडांवरूनच पडलंय, पण प्रथिन पहिल्यांदा दिसलं ते कॅन्सरकडे वळलेल्या पेशींमध्ये. १९७९ साली अमेरिकेत डोनाल्ड सेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की अशा पेशी एक फॉस्फेट जोडलेलं प्रथिन बाहेर सोडतात. तेव्हा ते नुसतं ‘पेशीबाहेर टाकलं जाणारं फॉस्फोप्रथिन’ होतं, बारसं झालेलंच नव्हतं. मग १९८६मध्ये स्वीडनच्या गटाने उंदराच्या हाडातल्या एका प्रथिनाची रचना उलगडली. पेशी आणि हाडातलं खनिज यांना जोडणारा पूल, म्हणून त्याचं नाव ऑस्टिओपाँटिन. १९८९मध्ये प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जाग्या होताना लगेच दिसणारा एक रेणू सापडला, तो ‘ईटा-१’. १९९२मध्ये मूत्रात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढू न देणारं ‘युरोपाँटिन’ सापडलं.

चारही एकच. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि कागदपत्रांवर तिसरंच, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो, तसाच हा. रूढ झालं ते हाडांचं नाव. जनुकाचं नाव मात्र आजही एसपीपी-१ आहे, म्हणजे १९७९च्या त्या फॉस्फोप्रथिनाचंच. माझ्या मते या प्रथिनाची खरी ओळख त्या रुक्ष आद्याक्षरांतच उरली आहे.

सुमारे ३०० अमिनो आम्लांच्या या साखळीत आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल यांचं एक त्रिकूट आहे. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटिग्रिन नावाचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारे रेणू, या त्रिकुटाला धरतात. सीडी-४४ हा दुसरा रिसेप्टरही ऑस्टिओपाँटिनला बांधला जातो, हे १९९६मध्ये दाखवलं गेलं. किल्ली एक, कुलपं दोन आणि घरं अनेक. त्यामुळे जखम भरणं, हाडांची मोडजोड, जंतूंशी झुंज, सगळीकडे ते हजर. आईच्या दुधातही असतं.

पुण्याचा वाटा इथे येतो. गाठीतली पेशी जागा सोडून बाहेर पडते कशी? भोवती तळपटल नावाचा चिवट पडदा असतो, आणि तो कुरतडल्याशिवाय वाट मिळत नाही. २००१मध्ये पेशी विज्ञान केंद्रातल्या गटाने उंदराच्या मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, पेशींवर ही साखळी मांडली. ऑस्टिओपाँटिनमुळे पेशीत एनएफ-कप्पा-बी हा जनुकांचा नियंत्रक जागा होतो. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक विकर (एन्झाइम) वाढतं, आणि ते एमएमपी-२ नावाच्या दुसऱ्या, सुप्त विकराला कामाला लावतं. पडदा कापणारी कात्री हीच. एरवी जखम भरताना पेशींना सरकायला याच कात्रीची मदत होते. गाठीत तीच उलटते. जगभरच्या कामातून पुढे हेही दिसलं की हे प्रथिन गाठीकडे रक्तवाहिन्या वाढायला मदत करतं आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींना बोलावून घेतं.

मग रक्त तपासून कॅन्सर आधीच ओळखता येईल का? २००२मध्ये अंडाशयाच्या, आणि २००५मध्ये ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या लोकांतल्या फुप्फुसावरणाच्या कर्करोगासाठी तशी आशा वाटली होती. पण मूत्रपिंड बिघडलं, हृदय थकलं, कुठे दीर्घकाळ दाह असला तरी हे प्रथिन रक्तात वाढतं. एवढ्या ठिकाणी राबणाऱ्याची हजेरी पाहून तो कुठे कामाला होता हे कसं कळणार? त्यामुळे सरसकट चाचणी म्हणून ते टिकलं नाही.

हे प्रथिन रोखणाऱ्या औषधाची अडचणही तीच. हे जनुकच काढून टाकलेले उंदीर जन्मतात, वाढतात, वरवर ठणठणीत दिसतात. पण त्यांच्या शरीरात ऑक्झलेट वाढवलं, की मूत्रपिंडात स्फटिक साचू लागतात.