वॉर्डातल्या डॉक्टरांना डोळ्याचा पडदा पाहायला शिकवताना

मेडिसिनच्या वॉर्डात नव्या रुग्णाची तपासणी लिहिताना ‘फंडस’ या शब्दापुढची जागा फार वेळा कोरी राहते. फंडस म्हणजे डोळ्याचा आतला, मागचा भाग: ज्याला आपण बोलीत डोळ्याचा पडदा म्हणतो ते दृष्टिपटल, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता जिथून सुरू होते ती फिकट गुलाबी चकती. रक्तवाहिन्या आणि मेंदूशी थेट जोडलेली चेता कोठेही छेद न देता पाहता यावी, अशी शरीरात ही एकच जागा आहे. कवटीतला दाब वाढला की ही चकती सुजते आणि तिची कड पुसट होते. रक्तदाब धोक्याच्या पातळीला गेला की पडद्यावर रक्तस्राव आणि कापसाच्या पुंजक्यांसारखे डाग दिसू लागतात. क्षयाचे जंतू रक्तातून सर्वत्र पसरले असतील तर पडद्यामागे पिवळट गाठी आढळू शकतात, आणि मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणांना सूज आलेल्या) रुग्णात अशी एक गाठ दिसली तरी निदानाला दिशा मिळते.

ही तपासणी किती सुटते, याचे मोजमाप अमेरिकेतील अटलांटा येथे एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी केले आणि ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. डोकेदुखी, दृष्टीतला बदल, मज्जासंस्थेची लक्षणे किंवा खालचा रक्तदाब १२० वा त्याहून जास्त, अशा कारणांनी तातडीच्या विभागात आलेल्या ३५० रुग्णांच्या पडद्याची छायाचित्रे काढण्यात आली. त्यांपैकी ४४ जणांमध्ये उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे दोष होते. विभागातील डॉक्टरांनी स्वतः ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून पडदा पाहायचे उपकरण) लावून पाहिले ते फक्त ४८ रुग्णांना, आणि आधीपासून ठाऊक नसलेला एकही दोष त्यांच्या हाती लागला नाही. हे आकडे वाचून डॉक्टरांना आळशी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. माझ्या मते मूळ अडचण शिकवण्याच्या पद्धतीत आहे.

ऑप्थॅल्मोस्कोप हे उपकरण जन्मले तेच वर्गाच्या निमित्ताने. कोनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ डोळ्याची बाहुली काळी का दिसते हे विद्यार्थ्यांना समजावण्याच्या तयारीत होते. डोळ्यात शिरलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो, आणि त्या वाटेवर डोळा न्यावा तर पाहणाऱ्याचे डोकेच दिव्याच्या आड येते. तिरप्या धरलेल्या काचांवरून दिव्याचा प्रकाश डोळ्यात सोडून त्याच काचांतून आरपार पाहण्याची युक्ती त्यांनी १८५० मध्ये काढली. तरीही जिवंत माणसाचा पडदा स्पष्ट दिसायला त्यांना सुमारे आठवडाभर झगडावे लागले. पडदा दिसायलाच हवा अशी सिद्धान्तावरची खात्री नसती तर कदाचित आपण नाद सोडला असता, असे त्यांनी पुढे सांगितले. आज एखाद्या विद्यार्थ्याला दोन मिनिटांत काही दिसले नाही, तर हे त्याला आवर्जून सांगायला हवे.

हातात धरायच्या साध्या ऑप्थॅल्मोस्कोपमधून चित्र सुमारे १५ पट मोठे दिसते, पण एका वेळी दृष्टीच्या टप्प्यात येतो तो जेमतेम ५ अंशांचा भाग. दीड मिलिमीटर व्यासाची ती चकतीच तेवढी जागा व्यापते. त्यात या उपकरणातून एका वेळी पाहणाऱ्याचा एकच डोळा पाहू शकतो. पोटावर हात ठेवून यकृत चाचपणाऱ्या विद्यार्थ्याचा हात शिक्षकाला धरता येतो; इथे मात्र विद्यार्थ्याला नेमके काय दिसते आहे हे शिक्षकाला कळायला मार्गच नसतो. राऊंडवर दहा जणांसमोर ‘दिसले का?’ असे विचारले की ‘हो सर, दिसले’ हेच उत्तर येते, आणि न दिसलेली चकती दिसल्याची नोंद होते. चूक दुरुस्त करायची संधी तिथेच संपते.

म्हणून शिकवण्याची सुरुवात छायाचित्रांपासून व्हावी. निरोगी चकत्यांची भरपूर चित्रे आधी पाहिली की कड किती रेखीव असते आणि रंगात किती फरक चालतो, हे नजरेत बसते. मग उपकरण हाती द्यावे. खोली अंधारी करावी, रुग्णाला दूरच्या एका बिंदूकडे पाहायला सांगावे, त्याचा उजवा डोळा आपण उजव्या हाताने उपकरण धरून आपल्या उजव्या डोळ्यानेच पाहावा. हातभर अंतरावरून बाहुलीतली लाल चमक शोधावी आणि ती न सोडता, समोरून नव्हे तर किंचित कानाच्या बाजूने, अगदी जवळ जावे. रक्तवाहिनी सापडली पण चकती सापडत नसेल, तर फाट्यांकडे लक्ष द्यावे: दोन फाटे जिथे जुळतात ते टोक चकतीकडे रोखलेले असते. नंतर त्याच रुग्णाचे छायाचित्र काढून विद्यार्थ्याने कागदावर काढलेल्या चित्राशेजारी ठेवले की शिक्षकाला प्रथमच विद्यार्थ्याच्या नजरेतले काहीतरी तपासता येते.

नेत्रतज्ज्ञ नसलेल्यांनी हे शिकून काय साधते, याचे उत्तर आफ्रिकेतील मलावी देशात, ब्लँटायर शहरात मिळाले. तेथे मेंदूच्या मलेरियाचे निदान होऊन दगावलेल्या ३१ मुलांच्या शवविच्छेदनात ७ मुलांच्या मृत्यूचे कारण वेगळेच निघाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांमध्ये फरक दाखवणारे जिवंतपणीचे लक्षण एकच होते: पडद्यावरचे पांढुरके चट्टे, रंग बदललेल्या रक्तवाहिन्या आणि रक्तस्राव. बेशुद्ध मुलाच्या खाटेपाशी हे पाहणारा डॉक्टर मलेरियाच्या औषधांवरच थांबायचे की दुसरे कारणही शोधायचे, हे ठरवू शकतो.

बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब टाकले तर काम कितीतरी सोपे होते. परिणामाला साधारण २० मिनिटे लागतात आणि काही तास नजर धूसर राहते, हे रुग्णाला आधी सांगावे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात मात्र ते टाकू नयेत, कारण तिथे बाहुलीच्या आकारावर तासातासाला लक्ष ठेवायचे असते. आणि एवढे करूनही चकतीची कड नीट दिसली नाही, तर केसपेपरवर ‘कड स्पष्ट दिसली नाही’ असे लिहून नेत्रविभागाला त्याच दिवशी बोलावण्याची मुभा निवासी डॉक्टरांना असावी, आणि अशी नोंद करणाऱ्याला राऊंडवर कोणी बोल लावू नये.